न पाहता लिहिलेला शब्द आणि होळीच्या नाचाचे चित्र

तक्रारदार : एकनाथ गणपत शेळके, वय वर्षे बावन्न, धंदा अर्ज लिहिणे, बैठक तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली, अंबड, जिल्हा जालना.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो : वरीलप्रमाणेच.

साक्षीदार : (१) श्री. वानखेडे, चित्रकला शिक्षक. (२) गमळाबाई राठोड, राहणार अंकुशनगरजवळचा तांडा, होळीला नाचणारी. (३) झिमाबाई राठोड, साक्षीदार क्रमांक दोनची जाऊ, तीही नाचणारी.

मुद्देमाल : हार्डबोर्डावर तैलरंगात काढलेले एक चित्र, लांबी अंदाजे चार फूट, रुंदी अडीच फूट.

घटनेचा काळ : नव्वद सालानंतरच्या दशकाचा मध्य. नेमकी तारीख आठवत नाही, आणि जी तारीख आठवत नाही ती लिहू नये, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम आहे. दुसरा नियम मी मोडला. त्याची हकीकत येणेप्रमाणे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला की, आपण इतकी वर्षे कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहीत आहात, तेव्हा आपले चार अनुभव आमच्या वाचकांसाठी लिहून द्यावेत. मला लिहिता येते ते अर्जाच्याच पद्धतीने येते. त्यामुळे वरील मांडणी कोणाला विचित्र वाटल्यास माझा नाइलाज आहे.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले, नववीचे वर्ष अर्ध्यात सुटले. तथापि शिकल्यासवरल्या माणसांनी माझा अर्ज हातात घेऊन 'हे कोणाकडून लिहून घेतले?' असे विचारल्याचे प्रसंग अनेक आहेत, याची नोंद असावी. 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'सबब' हे तीन शब्द योग्य जागी बसवणे सोपे नसते. मोठमोठ्या पगाराची माणसे तेथे घसरलेली मी पाहिली आहेत.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस समोर येऊन बसतो आणि आपल्या आजोबापासून बोलायला सुरुवात करतो. तासभर बोलतो. त्यात रडतो, शिव्या देतो, मध्येच उसाच्या टोळीचा हिशोब सांगतो. अर्जनवीसाने ते सगळे ऐकायचे आणि एका पानात तीन गोष्टी लिहायच्या : विषय, हकीकत, विनंती. बाकीचे सोडून द्यायचे. घनसावंगीकडचे एक गृहस्थ माझ्याकडे असा अर्ज लिहून घ्यायला आले होते की, एसटीचा थांबा त्यांच्या घरासमोरून हलवावा, कारण तेथे उतरणारे सासुरवाडीचे पाहुणे थेट त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतात. मी सासुरवाडी वगळली आणि 'रहदारीस अडथळा' एवढेच लिहिले. थांबा हलला. सासुरवाडीची माणसे नंतर चालत येऊ लागली, पण तो अर्जाचा दोष नव्हे.

आमच्या धंद्यात आणखी एक रीत आहे, तिचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. ज्याने तक्रार लिहिली, तोच पुष्कळदा तिचे उत्तरही लिहितो. गावात दवाखाना एकच असला तर भांडणारे दोघेही तेथेच टाके घालून घेतात, त्यातला हा प्रकार. मला यात कधी गैर वाटले नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माझी नकलांची वही. लिहिलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या अर्जाची नक्कल मी ठेवतो. विहिरीचा वाद आला की जुना विहिरीचा अर्ज काढायचा, नावे आणि गट क्रमांक बदलायचे. या वहीवर माझा फार विश्वास होता.

एके दिवशी सकाळी अण्णा आले. अण्णा हे अंकुशनगरजवळच्या एका गावातले मोठे बागायतदार आणि तेथील शाळेच्या समितीचे सदस्य. ते आता हयात नाहीत, म्हणून पूर्ण नाव देत नाही. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या सभागृहाला त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ फरशी बसवून दिली होती आणि समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो लागावा अशी त्यांची इच्छा होती. त्या भिंतीवर चित्रकलेच्या सरांनी काही दिवसांपूर्वी एक चित्र लावले होते.

"काय चित्र आहे?" मी विचारले.

"तांड्यातल्या बाया नाचून राह्यल्या. होळीचा नाच. धड नाक न्हाई, डोळे न्हाई. मी सरला म्हणलो, हे काढा, माझ्या बापाचा फोटू लावायचाय. तर म्हणतो, अण्णा, त्या भिंतीवर उजेड बराबर पडतो, चित्राला उजेड लागतो. आता माझ्या बापाला उजेड लागत न्हाई का?"

"अण्णा, भिंतीच्या वादाची वर कोणी दखल घेणार नाही. शाळेची भिंत शाळेची."

"मंग कशाची घेतात?"

वाचकहो, येथे मी वही उघडली. भिंतीवरच्या चित्राबद्दल मी आयुष्यात एकच अर्ज लिहिला होता. तो मुलींच्या शाळेशेजारी लावलेल्या सिनेमाच्या पोस्टरांविरुद्ध होता आणि त्यावर तातडीने कारवाई झाली होती. मी तो काढला. 'पोस्टर' च्या जागी 'चित्र' लिहिले. 'टॉकीजचालक' च्या जागी 'चित्रकला शिक्षक'. 'अश्लील' हा शब्द त्यात होताच, तो राहिला. वाक्य हलके वाटले म्हणून माझ्या पदरचे एक घातले : 'सदर शिक्षकाने नृत्य करणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या नकळत, आडोशाने पाहून हे चित्र काढले असावे.'

मी अण्णांना वाचून दाखवले. ते जरा थबकले.

"अश्लील म्हणजे लई झालं का हो, एकनाथराव?"

"अर्जाला कलम लागते, अण्णा."

"बरं. तुम्ही जाणते आहात," असे म्हणून त्यांनी सही केली. माझ्या धंद्याचा दुसरा नियम असा की, जी वस्तू पाहिली नाही तिचे वर्णन करू नये. विहिरीचा अर्ज लिहिताना मी विहीर पाहून येतो. चित्र पाहायला काही मी गेलो नाही. चित्रात पाहण्यासारखे काय असते, असा माझा समज होता.

दोन-तीन आठवड्यांनी एक उंच, हडकुळा माणूस समोर येऊन बसला. त्याच्या नखांत निळा रंग होता. त्याने शिक्षण कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस आणि सोबतच्या तक्रारीची प्रत माझ्या पुढ्यात ठेवली.

"मी वानखेडे. याचं उत्तर लिहून पाहिजे."

"लिहू की. तक्रार कोणाकडून लिहून घेतली आहे?" मी उगाच विचारले.

"तुमच्याकडून. समोरच्या पाटीवर तुमचं अक्षर आहे, तेच इथं आहे. 'ळ' चांगला काढता तुम्ही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त अवघड झाले. मग त्यांनी विचारले, "चित्र पाह्यलं होतं का?"

"नाही."

"मंग रविवारी या. पाहून लिहा."

मी म्हणालो, बघू. गेलोही नसतो कदाचित. परंतु शनिवारी, बाजाराच्या दिवशी, माझ्या टेबलापुढे एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, हातभर पांढरे चुडे, आरसे लावलेली ओढणी. ऊन तिच्या आरशांवरून माझ्या कागदावर नाचत होते. ही गमळाबाई.

"कागद लिहिणारे तुम्हीच ना, दादा?"

"बसा. काय काम आहे?"

"बसायला न्हाई आले. तुम्ही आमच्या नाचाला काय म्हणून लिहिलं, ते सांगा."

मी पेन खाली ठेवले. ती म्हणाली, "आमच्या पोरानं शाळेत वाचला कागद. त्यो शब्द वाचला अन् खाली मान घातली त्यानं. तांड्याच्या नायकानं सांगून टाकलं, आता होळीला बायांनी मैदानात नाचायचं न्हाई. माझ्या सासूनं नाचलं, तिच्या सासूनं नाचलं. ऊसतोडीला कुठंबी असलो तरी होळी चुकवली न्हाई. अन् तुम्ही एक शब्द लिहिला, नाच बंद. तुम्ही पाह्यला होता का आमचा नाच?"

तिलाही तेच उत्तर द्यावे लागले.

"मंग काढून टाका त्यो शब्द."

तिने हे अगदी सहज सांगितले, जणू मी गहू निवडताना चुकून खडा राहू दिला होता. मी म्हणालो, कागद आता वर गेला आहे. ती म्हणाली, "तुम्हीच वर धाडला, तुम्हीच खाली आणा," आणि निघून गेली.

रविवारी मी शेअर जीपने त्या गावी गेलो. वानखेडे सरांनी सभागृह उघडून ठेवले होते. मी थेट भिंतीपाशी गेलो आणि कागद तपासतात त्याप्रमाणे चित्राला नाक लावून उभा राहिलो. प्रामाणिकपणे लिहितो : मला काहीही दिसले नाही. लाल रंगाचा एक फराटा, त्यावर पिवळा, मध्येच निळा, पांढऱ्या रंगाचे जाडजूड ठिपके, जणू राजगिऱ्याचे दाणे चिकटवले आहेत. मनात म्हणालो, यात अश्लील तर काही नाहीच, पण यात काही आहे तरी का?

"मागं या," सर म्हणाले. "आणखी मागं. कागद वाचायला आला न्हाईत तुम्ही."

मी उलट्या पावलांनी मागे सरकत गेलो. पाच पावलांवर काही नाही. नवव्या-दहाव्या पावलावर ते फराटे एकमेकांत मिसळले आणि बायका फिरू लागल्या. दुसरा शब्द मला सापडत नाही. एकीचा घागरा वळून पुढे येत होता, दुसरी टाळीसाठी वाकली होती, आणि ते राजगिऱ्याचे दाणे आरसे होऊन चमकत होते. मी परत पुढे गेलो. पुन्हा फराटे. पुन्हा मागे आलो. पुन्हा नाच. असे मी चार-पाच वेळा केले. सर खिडकीत बसून बिडी ओढत होते.

शेवटी मी विचारले, "नाक-डोळे का नाहीत?"

"नाचताना नाक कुठं असतं, शेळके? बाई थांबली की नाक येतं. मी थांबलेली बाई काढून राह्यलो न्हाई."

नंतर त्यांनी मला जे समजावले ते मी अर्जाच्या शिस्तीने लक्षात ठेवले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात काही चित्रकारांनी अशी चित्रे काढायला सुरुवात केली. वस्तू जशी आहे असे आपल्याला माहीत असते तशी ती काढायची नाही. त्या क्षणी उजेडात ती डोळ्याला जशी लागते तशी काढायची. त्यांतल्या काहींनी नाचणाऱ्या मुलीही पुष्कळ काढल्या. याला मराठीत 'दृक्‌प्रत्ययवाद' असे नाव आहे. हा शब्द मी सरांकडून दोनदा लिहून घेतला. इतका चांगला शब्द इतकी वर्षे माझ्याविना होता, याचे मला वाईट वाटले.

मी आणखी एक हरकत घेतली : चित्रात सावल्या जांभळ्या आणि निळ्या होत्या. सावली काळी असते, हे आठवी शिकलेल्यालाही कळते. सर मला बाहेर उन्हात घेऊन गेले. माझ्या पिशवीतला कोरा कागद जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "हात धरा वर." मी हात धरला. कागदावर माझ्या हाताची सावली पडली. ती निळसर होती. बावीस वर्षे मी लिंबाच्या ऊनसावलीत बसून पांढऱ्या कागदावर हात चालवत होतो, म्हणजे बावीस वर्षे ती निळी सावली माझ्या पेनासोबत चालत होती, आणि मी तिला काळी समजत होतो.

नाचातले शरीर कसे पकडतात, हेही मी विचारले, कारण माणूस हलतो आणि हात एवढा जलद चालत नाही. सर म्हणाले, "पकडायचं न्हाई. वाट पाहायची. त्या गोल फिरतात. जे वळण गेलं ते फेरीनं परत येतं. फक्त बाई दुसरी असते. हात गमळाबाईचा घेतला, घेर झिमाबाईचा, मान तिसरीची. पाच बायांची मिळून एक बाई होते. तीच खरी नाचणारी."

हे ऐकून माझ्यातला अर्जनवीस जागा झाला. पाच बायांची मिळून एक बाई असेल, तर या चित्राने कोणत्याही एका स्त्रीची बदनामी होऊच शकत नाही. मुद्दा क्रमांक एक मिळाला. दुसरा मुद्दा मला चित्रावरच मिळाला. रंगात बारीक काळे कण रुतलेले होते, सगळीकडे.

"हे काय आहे, मुंग्या?"

"साखर कारखान्याची काजळी," सर म्हणाले. "होळीत गाळप चालूच असतं. रंग ओला, वरून काजळी पडून राह्यली. काढायला गेलो तर रंग निघतो. मंग राहू दिली."

काजळी उघड्यावर पडते. आडोशाला, खोलीत, खिडकीमागे लपलेल्या माणसाच्या चित्रावर पडत नाही. माझ्या पदरच्या वाक्याला त्या काळ्या कणांनी उत्तर दिले होते. तो दिवसाउजेडी मैदानात, सगळ्या तांड्यासमोर बसून चित्र काढत होता. मी त्या माणसाला आडोशाला बसवले होते.

उत्तर लिहायला मला चार रात्री लागल्या. आधी मी चित्राची चतुःसीमा लिहिली : पूर्वेस बाभळीचे झाड, पश्चिमेस बैलगाडी. मग बायका मोजल्या. वाचून पाहिले तर तो शेतजमिनीचा पंचनामा झाला होता, नाच त्यात कोठेच नव्हता. तेव्हा मला प्रथम कळले की, माझ्या भाषेला जवळूनच पाहता येते. मी सगळे खोडले आणि एकच वाक्य लिहिले : 'सदर चित्र दहा पावलांच्या आत वाचता येत नाही, सबब दहा पावलांवर उभे राहून ते पाहण्यात यावे, ही प्राथमिक विनंती.' त्यानंतर दृक्‌प्रत्ययवाद, काजळी आणि पाच बायांची एक बाई. शेवटी विनंती : 'मूळ तक्रारीतील तो शब्द गैरसमजातून आलेला असल्याने रद्द समजण्यात यावा.' गैरसमज कोणाचा, ते मी लिहिले नाही. एवढे धैर्य तेव्हा झाले नाही.

चौकशी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात ठेवली होती. चौकशी अधिकारी भला माणूस, पण त्यांची खोली अशी की, टेबल आणि कपाट यांच्यामध्ये माणसाने पोट आत घेऊन जावे. चित्र कपाटाला टेकवून ठेवले होते. अधिकारी खुर्चीतून पुढे वाकून पाहत होते.

"हे अश्लील आहे की नाही ते नंतर ठरवू," ते म्हणाले. "आधी हे काय आहे?"

अण्णा म्हणाले, "तेच मी म्हणून राह्यलो, साहेब. काय आहे हेच कळत न्हाई."

"साहेब, विनंती आहे," मी दारातून बोललो. "चित्र अंगणात न्यावे. या खोलीत दहा पावले होत नाहीत."

"तुम्ही कोण?"

"अर्जनवीस."

"कोणाचे?"

"दोघांचेही."

साहेबांनी माझ्याकडे चांगले निरखून पाहिले आणि शिपायाला चित्र उचलायला सांगितले.

अंगणात चित्र भिंतीला लावले. साहेब पायऱ्यांवर उभे राहिले.  त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एक पायरी आणखी मागे चढले. मी अण्णांकडे पाहत होतो. अण्णाही मागे सरकत सरकत थेट सायकल स्टँडपर्यंत गेले आणि तेथील सायकलींवर त्यांचा धक्का लागून चार सायकली आडव्या झाल्या. त्यांनी वळूनही पाहिले नाही.

"फिरतंय," अण्णा हळूच म्हणाले.

साहेबांनी काजळीबद्दल विचारले, सरांनी सांगितले. मग साहेबांनी साक्षीसाठी आलेल्या दोघी जावांना पुढे बोलावले. गमळाबाई आणि झिमाबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. त्यांना मागे सरकायला सांगावे लागले नाही, त्या आपोआप मागे आल्या.

"बाई, यात तुम्ही कोणत्या?" साहेबांनी विचारले.

गमळाबाईने मधल्या लाल घागऱ्याकडे बोट केले. "ही मी."

झिमाबाई म्हणाली, "ती मी हाय, गमळे. तुझा घेर असा जातो व्हय? तू आता वळताना कंबर धरतीस."

"कंबर तू धरतीस. मागल्या होळीला खाली बसली होतीस लिंबाखाली."

"लेकराला पाजाया बसले होते. नातवाला."

"व्हय, नातवाला पाजत होती म्हणं. आज्जीबाई."

साहेब हसायला लागले, शिपाईही हसला. सर हळूच म्हणाले, "दोघीबी आहात. हात हिचा, घेर तिचा." दोघी पुन्हा चित्राकडे वळल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. झिमाबाई म्हणाली, "बरा जमलाय हात." तिने जावेला दिलेली ती पहिली शाबासकी असावी, कारण गमळाबाई चमकून तिच्याकडे पाहू लागली.

साहेबांनी गमळाबाईला विचारले, "मास्तर चित्र काढत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? मैदानाच्या मधोमध बसून राह्यले होते. आम्हीच सरका म्हणलो. घागरा लागला असता डोक्याला."

निकाल त्याच आठवड्यात आला : तक्रारीत तथ्य आढळले नाही, प्रकरण दप्तरी दाखल. सरांना समज नाही, बदली नाही. अण्णांच्या वडिलांचा फोटो समोरच्या भिंतीवर लागला आणि चित्र पाठीमागच्या भिंतीवर गेले. यात कोणी हरले असे मला वाटत नाही, कारण मागच्या भिंतीपासून व्यासपीठ तीस पावलांवर आहे. भाषण करायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला समोर तो नाच दिसतो आणि भाषणे पूर्वीपेक्षा आटोपशीर होतात, असे शिक्षक सांगतात. अण्णा हयात होते तोवर शाळेत आले की आधी वडिलांच्या फोटोला हात जोडत आणि मग तेथेच उभे राहून, पाठ फिरवून, चित्र पाहत. एकदा मला म्हणाले, "आमचे वडील दुरून शेतातून यायचे ना, चालीवरूनच कळायचे. तोंड दिसायच्या आधी." 

निकालाची प्रत घेऊन मी स्वतः तांड्यावर गेलो. नायक आणि सगळी मंडळी लिंबाखाली जमली. मी उत्तराचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत खड्या आवाजात वाचला, दृक्‌प्रत्ययवादासकट. हा लांबलचक शब्द आल्यावर एक म्हातारा म्हणाला, "हे परत वाचा." मी परत वाचला. नायक म्हणाले, "कळलं न्हाई, पण चांगलं म्हणलेलं दिसतंय." होळीला बाया मैदानात नाचल्या. मी गेलो होतो. सर चौरंगावर हार्डबोर्ड टेकवून बसले होते आणि वरून काजळी पडत होती. मी दहा पावलांवर उभा राहिलो. सोबत आलेली माझी बायको म्हणाली, अहो, पुढे या, नीट दिसत नाही तिथून. मी म्हणालो, इथूनच दिसते.

नाच संपल्यावर गमळाबाई घाम पुसत आली.

"दादा, त्यो शब्द काढला का?"

"बाई, प्रकरण बंद झाले. तुमच्या मनासारखा निकाल लागला."

"निकाल लागला ते कळलं. त्यो शब्द कागदावर हाय का न्हाई?"

होता. आहे. मी नंतर कार्यालयात जाऊन विचारले. तेथील लिपिकाने मोठ्या सौजन्याने सांगितले की, दप्तरी दाखल झालेल्या कागदावर कोणालाही काट मारता येत नाही. तक्रार खोटी ठरली तरी तक्रार म्हणून ती राहते. ही गोष्ट मला माहीत होती. मी लोकांना तीच गोष्ट रोज सांगतो. फक्त त्या दिवशी ती मला सांगितली गेली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. दोन हजार साल येऊन गेले. वानखेडे सरांची रीतसर बदली झाली, जाताना ते चित्र शाळेलाच देऊन गेले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी तांड्यातली मुले होळीला मोटारसायकलींवर गावी येतात आणि आधी सभागृहात जाऊन आपली आई त्या चित्रात कोणती, यावर भांडतात. गमळाबाईच्या गुडघ्यांनी आता साथ सोडली आहे. ती लिंबाखाली बसून नातींना घेर कसा वळवायचा ते सांगते, आणि नाती ऐकतात. नाच पूर्वीपेक्षा जोरात आहे, मी दरवर्षी पाहतो. परंतु दरवर्षी ती मला हाक मारते आणि तोच एक प्रश्न विचारते. दरवर्षी मी सांगतो, अजून नाही. ती म्हणते, "बघा मंग. मी हाय तवर."

मी वकील नाही, परंतु कायद्याला जवळून पाहिलेला माणूस आहे. काट मारता येत नाही, हे मला मान्य. परंतु समासात शेरा लिहिता येतो. विहिरीच्या, वाटणीच्या, वहिवाटीच्या कागदांवर मी असे शेरे पाहिले आहेत.

सबब उपरोक्त शिक्षण कार्यालयास या अंकाद्वारे विनंती की, सदर तक्रारीच्या कागदाच्या समासात, त्या शब्दाशेजारी, खालील शेरा नोंदवण्यात यावा : 'हा शब्द एकनाथ गणपत शेळके, अर्जनवीस, अंबड, याने चित्र व नाच न पाहता, जुन्या अर्जावरून उतरवून लिहिला. त्याने नंतर दोन्ही पाहिले. शब्द चुकीचा आहे.' या शेऱ्याखाली सही करण्यास मी कोणत्याही कामाच्या दिवशी हजर राहीन.

तसेच, शेरा नोंदवल्याचे लेखी उत्तर माझ्या पत्त्यावर न पाठवता गमळाबाई राठोड यांच्या नावे तांड्यावर पाठवावे. तिला वाचता येत नाही, तरी कागद तिच्या हातात द्यावा. वाचून दाखवायला तिच्या नाती आहेत. त्या आता शाळेत जातात, चांगल्या वाचतात, आणि तो शब्द मी लिहिला होता हे त्यांनाही कळलेले बरे.

उत्तर होळीपूर्वी मिळावे, ही नम्र विनंती.

एकनाथ गणपत शेळके
(स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला, वाचला, व बरोबर आहे म्हणून सही केली.)